सिरोंचा : नदीकाठची कचेरी आणि तिच्या भोवतीच्या भाषा

१. प्रास्ताविक

भारतीय वाङ्मयाच्या इतिहासाची मांडणी बहुधा भाषानिहाय केली जाते. एक भाषा, तिचा प्रदेश, त्या प्रदेशाची केंद्रे आणि त्या केंद्रांतून निर्माण झालेले साहित्य, असा या मांडणीचा क्रम असतो. तौलनिक अभ्यासातही दोन भाषांतील दोन कृती, दोन लेखक किंवा दोन चळवळी शेजारी ठेवल्या जातात. या पद्धतीचे लाभ निर्विवाद आहेत. परंतु एका ठिकाणी तीन-चार भाषा नांदतात, त्यांतील एक कारभाराची, एक घरची, एक बाजाराची व एक रानातली असते, आणि त्या ठिकाणी वाङ्मयीन केंद्र म्हणावे असे काहीच नसते, तेव्हा ही पद्धत अपुरी पडते. अशी ठिकाणे भाषावार इतिहासांच्या फटीतून निसटतात.

महाराष्ट्राच्या आग्नेय टोकाला, प्राणहितेच्या पूर्व तीरावर वसलेले सिरोंचा हे असेच एक ठिकाण होय. आज ते गडचिरोली जिल्ह्यातील बारा तालुक्यांपैकी एका तालुक्याचे मुख्यालय आहे. जिल्ह्याच्या ठाण्यापासून ते सुमारे २०० किलोमीटर दूर आहे. उलट नदी ओलांडली की तेलंगण लागते. गावाच्या खाली थोड्याच अंतरावर प्राणहिता गोदावरीला मिळते आणि संगमाच्या पलीकडच्या काठावर काळेश्वराचे प्रसिद्ध क्षेत्र आहे. तालुक्याच्या पूर्व कडेला सोमनूरजवळ इंद्रावती गोदावरीत येते. तिच्यापलीकडे बस्तरचा मुलूख सुरू होतो. येथील बहुसंख्य घरांत तेलुगू बोलली जाते, सभोवारच्या रानात गोंडी व तिची माडिया बोली, आणि तहसील, शाळा व न्यायालय यांचा व्यवहार मराठीत चालतो. १९८० पासून हा प्रदेश सशस्त्र संघर्षाच्या छायेत आला.

या गावाचा इतिहास दोन प्रश्नांच्या संदर्भात पाहता येतो. एक, गेल्या दीडशे वर्षांत राज्यसंस्थेने येथे कचेरी कशासाठी मांडली व तिचे स्थान वारंवार का बदलले? दोन, या बदलांचा तेथील भाषांच्या परस्परसंबंधांवर आणि पर्यायाने या प्रदेशाविषयीच्या मराठी व तेलुगू लेखनावर कोणता परिणाम झाला? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पहिल्यात दडलेले आहे, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे.

२. कचेरीची स्थापना : १८५८ ते १८७४

सिरोंच्याच्या उत्तरेचा चांदा प्रांत गोंड राजांकडून १७५१ मध्ये नागपूरकर भोसल्यांकडे गेला. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाल्यावर तो कंपनी सरकारच्या ताब्यात आला. अहेरीसारख्या विस्तीर्ण जमीनदाऱ्या मात्र आपापल्या अंतर्गत व्यवस्थेसह टिकून राहिल्या. भोसलेकाळापासून चांद्याच्या दप्तराची भाषा मराठी होती, ही गोष्ट येथे लक्षात ठेवावयास हवी. प्राणहितेच्या खालच्या अंगाचा, गोदावरीच्या डाव्या काठाचा पट्टा त्या वेळी निजामाच्या अमलाखाली होता. म्हणजे सिरोंचा आणि अहेरी यांत फारसे अंतर नसले तरी त्यांचे दप्तर, त्यांचा धनी आणि त्यांच्या कारभाराची भाषा ही भिन्न होती.

१८५७ च्या उठावाचे पडसाद या भागात पुढील वर्षी उमटले. मोनमपल्लीचे जमीनदार बाबूराव सेडमाके आणि आरपल्ली व घोटचे जमीनदार व्यंकटराव यांनी १८५८ मध्ये बंडाचे निशाण उभारले. २९ एप्रिल १८५८ रोजी प्राणहितेकाठी चिंचगुडी येथे तारखात्याच्या छावणीवर हल्ला झाला व त्यात गार्टलंड आणि हॉल हे दोन युरोपीय कर्मचारी मारले गेले. अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांच्या साहाय्याने बाबूराव पकडले गेले आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी त्यांना चांदा येथे फाशी देण्यात आली. व्यंकटराव बस्तरात निसटले. १८६० मध्ये ते हाती लागले व त्यांना जन्मठेप झाली. या प्रकरणाची जी हकीकत पुढील अभ्यासकांना उपलब्ध झाली ती प्रामुख्याने मेजर ल्युसी-स्मिथ यांच्या १८६९ च्या चांदा जिल्हा जमाबंदी अहवालातून. फाशी देणाऱ्या सत्तेच्या महसुली कागदातच बंडवाल्याचा इतिहास प्रथम सविस्तर लिहिला गेला. गोंड समाजाच्या स्मरणातील बाबूराव आणि अहवालातील बाबूराव या दोन निरनिराळ्या व्यक्तिरेखा आहेत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मराठीत त्यांच्याविषयी जे लेखन झाले त्याला या दोहोंचा मेळ घालावा लागला.

बंडाच्या अनुभवातून प्रशासनाला एक गोष्ट उमगली. तीन राज्यांच्या सांध्यावरील रानात पळून गेलेला माणूस नागपुराहून किंवा चांद्याहून पकडता येत नाही. डिसेंबर १८६० च्या तहाने निजामाने गोदावरीच्या डाव्या काठावरील सिरोंचा, नुगूर, अलबाका, चेर्ला, भद्राचलम आणि रेकापल्ली हे तालुके ब्रिटिशांना दिले. त्यांचा मिळून 'अपर गोदावरी' नावाचा जिल्हा बनला आणि त्याचे मुख्य ठाणे सिरोंचा येथे ठेवण्यात आले. २ नोव्हेंबर १८६१ रोजी मध्यप्रांताची स्थापना झाल्यावर हा जिल्हा त्या प्रांताचा भाग झाला.

जिल्ह्याचे डेप्युटी कमिशनर सी. एल. आर. ग्लासफर्ड यांचा बस्तर संस्थानावरील १८६२ चा अहवाल त्या प्रदेशाच्या इतिहासाचे एक मूलभूत साधन मानला जातो. बस्तरचे हे पहिले विस्तृत गद्यचित्र सिरोंच्याच्या कचेरीशी निगडित असावे, ही गोष्ट सूचक आहे. नदीकाठचे हे लहानसे गाव पूर्वेकडील रानाचे निरीक्षण करण्याची चौकी झाले. ग्लासफर्डच्या नावाची खूण सिरोंच्याजवळच्या ग्लासफर्डपेठा या गावाच्या नावात आजही टिकून आहे. इंग्रजी आडनावाला तेलुगू वळणाचे 'पेठा' जोडून बनलेले आणि मराठी सातबाऱ्यावर लिहिले जाणारे हे गावाचे नाव येथील भाषास्थितीचा लहानसा नमुनाच म्हणता येईल.

सिरोंच्याला मुख्य ठाणे करण्यामागे आणखी एक हेतू होता. सर आर्थर कॉटन यांच्या प्रेरणेने आणि कॅप्टन हेग यांच्या देखरेखीखाली गोदावरी नौकानयनास योग्य करण्याची महत्त्वाकांक्षी योजना हाती घेण्यात आली होती. वऱ्हाड व वर्धा खोऱ्यातील कापूस नावांमधून वर्धा, प्राणहिता व गोदावरी या मार्गाने थेट पूर्व किनाऱ्यावर न्यावा, अशी ती कल्पना होती. मार्गात खडकांचे तीन मोठे अडथळे होते : पहिला दुम्मागुडेम येथे, दुसरा सिरोंच्याखाली इंचमपल्ली येथे आणि तिसरा देवलमरीपाशी प्राणहितेवर. बांध व कालवे बांधून ते ओलांडावयाचे होते. ही योजना पूर्ण झाली असती तर सिरोंचा हे मध्यप्रांताचे नदीबंदर झाले असते. पण १८६७ मध्ये मुंबईहून निघालेली रेल्वे नागपूरला पोहोचली आणि कापसाला पश्चिमेचा जवळचा रस्ता मिळाला. १८७१ मध्ये नौकानयनाची कामे थांबविण्यात आली.

जिल्ह्याचे प्रयोजनच त्यामुळे क्षीण झाले. १८७४ मध्ये भद्राचलम व रेकापल्ली हे तालुके मद्रास इलाख्याला जोडले गेले आणि सिरोंचा चांदा जिल्ह्यात एक तहसील म्हणून सामील झाले. नुगूर, अलबाका व चेर्ला हे उरलेले तुकडेही १९०९ मध्ये मद्रासकडे गेले. एके काळी एकाच कचेरीखाली असलेला हा मुलूख आज महाराष्ट्र, तेलंगण आणि आंध्र प्रदेश अशा तीन राज्यांत विभागलेला आहे.

३. दप्तराची भाषा आणि घरची भाषा

१८७४ चा निर्णय प्रशासनाच्या दृष्टीने किरकोळ होता; भाषेच्या दृष्टीने तो निर्णायक ठरला. चांदा जिल्ह्यात आल्यामुळे सिरोंचा मराठी दप्तराच्या कक्षेत आले. भद्राचलम तेलुगू दप्तराच्या कक्षेत गेले. दोन्हीकडची माणसे, त्यांचे देव, लग्नसंबंध व पिके सारखीच होती. गावकऱ्यांच्या इच्छेचा किंवा भाषेचा विचार करून ही विभागणी झालेली नव्हती. बंद पडलेल्या जलमार्गाच्या हिशेबातून ती झाली. पुढे १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला व १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले, तेव्हा भाषावार प्रांतरचनेच्या तत्त्वाने सिरोंचा महाराष्ट्रात आले असे वरवर दिसते. प्रत्यक्षात ते भाषेमुळे नव्हे, तर १८७४ पासून चांद्याचे तहसील असल्यामुळे आले. त्याच वेळी आदिलाबादमधील राजुरा तालुका प्रथम नांदेडला व नंतर १९५९ मध्ये चांदा जिल्ह्याला जोडला गेला. राजुऱ्याच्या बाबतीत भाषेचे तत्त्व कामी आले, सिरोंच्याच्या बाबतीत दप्तराचे. एकाच जिल्ह्यातील ही दोन उदाहरणे भाषा आणि सीमा यांचा संबंध किती निरनिराळ्या कारणांनी घडतो हे दाखवितात.

येथे मराठीचे स्थान कोणते, याविषयी थोडे स्पष्टपणे बोलणे आवश्यक आहे. पुण्यामुंबईत इंग्रजीच्या तुलनेत मराठी ही लोकांची भाषा ठरते; तिच्या हक्कांची मागणी लोकशाहीची मागणी असते. सिरोंच्यात मराठी ही तलाठ्याची, गुरुजींची आणि फौजदाराची भाषा आहे. तेलुगूभाषक कुटुंबातील मूल ती शाळेत शिकते व नोकरीसाठी वापरते. माडिया मुलाच्या बाबतीत तर घरची भाषा, बाजाराची तेलुगू आणि शाळेची मराठी अशा तीन पायऱ्या असतात. एकच भाषा एका ठिकाणी दुर्बलांच्या बाजूची आणि दुसऱ्या ठिकाणी सत्तेच्या बाजूची असू शकते. मराठी वाङ्मयाच्या इतिहासकारांनी 'मराठी भाषक प्रदेश' ही संज्ञा वापरताना या भेदाची दखल क्वचितच घेतली आहे.

गोंडीची स्थिती याहून गुंतागुंतीची आहे. ती द्राविडी कुळातील असून भाषाशास्त्रीय दृष्ट्या तेलुगूला मराठीपेक्षा निकट आहे. ग्रियर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाच्या १९०६ मधील चौथ्या खंडात तिची नोंद झाली. परंतु त्यापूर्वीच तिच्या मौखिक परंपरेतील एक मोठी रचना मुद्रित झाली होती. नागपूरचे मिशनरी व भूशास्त्रज्ञ स्टीफन हिस्लॉप यांनी परधान गायकाकडून मिळविलेली लिंगोची कथा, त्यांच्या १८६३ मधील अपघाती मृत्यूनंतर मध्यप्रांताचे चीफ कमिशनर सर रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये इंग्रजी भाषांतरासह प्रसिद्ध केली. १८७१ मध्ये कॅप्टन फोर्साइथ यांनी तिला लाँगफेलोच्या 'हायवाथा'च्या वळणाचे पद्यरूप दिले. म्हणजे गोंडांची उत्पत्तिकथा मराठी किंवा तेलुगू यांपैकी कोणत्याही शेजारच्या भाषेतील वाचकांपर्यंत पोहोचण्यापूर्वी इंग्रजीत, तीही अमेरिकन इंडियनांवरील एका काव्याच्या छंदात, जाऊन बसली. शेजार हा वाङ्मयीन संपर्काला आपोआप कारण होतो, ही तौलनिक अभ्यासातील रूढ समजूत या उदाहरणाने डळमळीत होते.

आज गोंडी एका राज्यात तेलुगू लिपीत व दुसऱ्या राज्यात देवनागरीत लिहिली जाते. तिच्या स्वतःच्या लिप्याही आहेत. पण आठव्या अनुसूचीत तिला स्थान नाही. प्राणहितेच्या दोन काठांवरील दोन गोंड लेखक आपापल्या भाषेत लिहू लागले तर एकमेकांचे बोलणे त्यांना कळेल, पण छापलेले पान एकाला वाचता येईलच असे नाही.

४. रान, मजुरी आणि १९८० नंतरचा संघर्ष

कचेरीचे मूळ प्रयोजन नष्ट झाल्यावर सिरोंच्याला दुसरे प्रयोजन मिळाले, ते जंगलाचे. १८७८ च्या व पुढे १९२७ च्या वनकायद्याने रानावरील सरकारी हक्क दृढ होत गेले. मध्य प्रदेशातील मालकी हक्क नष्ट करणारा कायदा १९५१ मध्ये अमलात आला आणि अहेरीसारख्या जमीनदारीतील जंगलेही शासनाकडे आली. सिरोंचा व आलापल्लीचा साग देशभर प्रसिद्ध आहे. सिरोंचा वनविभागाचेही ठाणे झाले. गावातील महत्त्वाची सरकारी आस्थापना तहसील नसून लाकडाचे आगार आहे, अशी स्थिती दीर्घकाळ होती.

रानातल्या माणसाचा राज्यसंस्थेशी येणारा संबंध त्यामुळे दोन प्रकारचा राहिला. मनाई हा पहिला प्रकार आणि मजुरी हा दुसरा. उन्हाळ्यात तेंदूपानांची तोडणी, हिवाळ्यात कागद कारखान्यासाठी बांबू, अधूनमधून कूपकटाई. पुडा किती पानांचा, शेकड्याला दर काय, मोजणी कोणी करावयाची, हे प्रश्न माडिया कुटुंबाच्या वर्षभराच्या मिठामिरचीचे प्रश्न होते. त्यांचा निर्णय कंत्राटदाराच्या मुनिमाच्या वहीत होत असे आणि ती वही मजुराला वाचता येत नसे.

२२ एप्रिल १९८० रोजी कोंडापल्ली सीतारामय्या यांच्या नेतृत्वाखाली आंध्र प्रदेशात 'पीपल्स वॉर' हा पक्ष स्थापन झाला आणि त्याच वर्षी त्याच्या लहान तुकड्या गोदावरी व प्राणहिता ओलांडून या रानात शिरल्या. नोव्हेंबर १९८० मध्ये बेल्लमपल्लीच्या कामगार चळवळीतून आलेला पेद्दी शंकर हा कार्यकर्ता सिरोंचा तालुक्यात पोलिसांच्या गोळीबारात मारला गेला. आरंभीच्या काळात या तुकड्यांनी तेंदूपान व बांबूच्या मजुरीचे दर हाच प्रश्न हाती घेतला, याबाबत समर्थक व विरोधक या दोहोंच्या लेखनात एकवाक्यता आढळते. फेब्रुवारी १९८४ मध्ये कमलापूर येथे आदिवासी शेतकऱ्यांची परिषद भरविण्याचा प्रयत्न शासनाने बंदी घालून रोखला.

याच सुमारास, २६ ऑगस्ट १९८२ रोजी, चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा निर्माण झाला. विस्तीर्ण सिरोंचा तहसिलातून पुढे अहेरी, एटापल्ली, भामरागड हे तालुके अलग झाले. १८६० आणि १९८२ या दोन प्रसंगांत साम्य आहे. दोन्ही वेळा कचेरी जवळ आणण्याची गरज भासली ती अशांततेच्या पार्श्वभूमीवर. फरक इतकाच की पहिल्या वेळी सिरोंचा केंद्र झाले आणि दुसऱ्या वेळी परीघ.

त्यानंतरच्या चार दशकांत जिल्ह्याने मोठा संहार पाहिला. ऑक्टोबर २००९ मध्ये भामरागड तालुक्यातील लाहेरीजवळ १७ पोलीस मारले गेले. एप्रिल २०१८ मध्ये बोरिया-कसनासूर परिसरातील चकमकीत व तिच्या पाठोपाठ ४० जणांचा नक्षलवादी म्हणून मृत्यू नोंदविला गेला. १ मे २०१९ रोजी जांभुळखेडा येथे भूसुरुंगाच्या स्फोटात १५ पोलीस आणि त्यांच्या वाहनाचा चालक मृत्युमुखी पडले. खबरी असल्याच्या संशयावरून एका बाजूने मारलेले आणि नक्षल समर्थक असल्याच्या संशयावरून दुसऱ्या बाजूने छळलेले ग्रामस्थ या आकड्यांत येत नाहीत. ऑक्टोबर २०२५ मध्ये या चळवळीचे एक ज्येष्ठ नेते मल्लोजुला वेणुगोपाल ऊर्फ भूपती यांनी ६० सहकाऱ्यांसह गडचिरोली येथे शस्त्रे खाली ठेवली. तेलंगणातून येऊन या रानात आयुष्य घालविलेल्या तेलुगूभाषक नेत्याची शरणागती मराठी जिल्ह्याच्या ठाण्यावर नोंदली गेली. १९८० मध्ये नदी ओलांडून सुरू झालेल्या एका प्रकरणाची ही अखेर आहे की विराम, हे पुढील इतिहासकार ठरवतील.

५. दोन वाङ्मये, दोन दिशा

या संघर्षाविषयी तेलुगू व मराठी या दोन्ही भाषांत विपुल लिहिले गेले. परंतु दोन्हीकडे रानाकडे पाहण्याची दिशा वेगळी आहे.

तेलुगूत १९७० मध्ये 'विरसम' म्हणून ओळखली जाणारी क्रांतिकारी लेखकांची संघटना स्थापन झाली. जननाट्य मंडळीच्या गाण्यांनी आणि गद्दर (१९४९–२०२३) यांच्या आवाजाने चळवळ गावोगाव पोहोचली. अल्लम राजय्या यांच्या कथा-कादंबऱ्यांनी करीमनगर-आदिलाबादच्या शेतमजुराला साहित्यात आणले. साहू यांच्यासह त्यांनी लिहिलेल्या कोमुरम भीमवरील कादंबरीने १९४० मध्ये निजामी राजवटीशी लढताना मारल्या गेलेल्या गोंड नेत्याला तेलुगू वाचकाच्या स्मरणात स्थिर केले. या वाङ्मयात नदीच्या उत्तरेचे रान हे 'दंडकारण्य' असते. ते लढ्याच्या विस्ताराचे क्षेत्र आहे, भविष्यकाळाचे स्थान आहे. सिरोंचा तेथे वाटेवरचा एक टप्पा असतो.

मराठीत याच्या नेमके उलट घडले. १९७३ मध्ये हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. मराठी मध्यमवर्गाला या प्रदेशाचा परिचय प्रथम झाला तो सेवाकार्याच्या वृत्तांतांतून. त्या प्रकल्पात राहिलेल्या विलास मनोहर यांनी 'एका नक्षलवाद्याचा जन्म' ही कादंबरी लिहिली. सुरेश द्वादशीवार यांची 'हाकुमी' याच भूमीशी निगडित आहे. राणी बंग यांचे 'गोईण' आदिवासी स्त्रिया व झाडे यांच्या नात्याविषयी आहे, तर मिलिंद बोकील यांनी 'गोष्ट मेंढा गावाची' मध्ये ग्रामसभेच्या मार्गाने वनहक्क मिळविणाऱ्या गावाची हकीकत सांगितली. या लेखनात प्रामाणिक कळकळ आहे आणि नवी माहितीही. तथापि त्यातील निवेदक बहुधा उत्तरेकडून, नागपूर-चंद्रपूरच्या रस्त्याने येतो. रान त्याच्यासाठी महाराष्ट्राचे शेवटचे टोक असते. अभाव, दुर्गमता आणि भय ही त्याच्या वर्णनाची प्रधान सूत्रे असतात.

एका वाङ्मयाचे भविष्य हे दुसऱ्याचे टोक असावे, हा या तुलनेतील पहिला निष्कर्ष. दुसरा निष्कर्ष अधिक महत्त्वाचा वाटतो. दोन्ही वाङ्मयांत गाव आहे व रान आहे. पण तालुक्याचे ठिकाण जवळजवळ नाही. तेथील तेलुगूभाषक दुकानदार, मराठी शिकून शिक्षक झालेला त्याचा मुलगा, न्यायालयाबाहेर अर्ज लिहून देणारा लेखनिक, बदली होऊन आलेला व बदलीची वाट पाहणारा कारकून, आठवडी बाजाराला आलेली आणि आधारपत्रावरील नाव दुरुस्त करून घेण्यासाठी दिवसभर ओसरीत बसलेली माडिया स्त्री, ही माणसे कथेचा विषय झालेली नाहीत. क्रांतीच्या कथेला ती फार सामान्य वाटली असावीत व सेवेच्या कथेला पुरेशी दीन वाटली नसावीत.

उत्तर गडचिरोलीशी तुलना केल्यास ही उणीव अधिक जाणवते. देसाईगंज-वडसा परिसरात झाडीपट्टी रंगभूमी आहे. हंगामात शंकरपटांच्या निमित्ताने रात्रभर नाटके होतात आणि परशुराम खुणे या तिच्या कलावंताला २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. तेथील लहान ठिकाणांना आपले जगणे रंगमंचावर मांडण्याचे स्वभाषिक साधन आहे. सिरोंच्याला ते नाही, कारण कचेरीच्या भाषेत तेथील लोक नाटक करीत नाहीत आणि घरच्या भाषेतील नाटकाची केंद्रे नदीपलीकडे आहेत.

६. साक्षीदाराचे भाषांतर

हा प्रश्न केवळ वाङ्मयीन अभिरुचीचा नाही. चकमक झाल्यावर वा खून पडल्यावर जबाब नोंदविले जातात. साक्षीदार माडिया बोलतो. दुभाषी ते तेलुगूमिश्रित मराठीत सांगतो. हवालदार ते दप्तरी मराठीत लिहितो. शेवटी साक्षीदाराचा अंगठा घेतला जातो. प्रकरण वरिष्ठ न्यायालयात गेले तर त्याचे इंग्रजी होते. प्रत्येक पायरीवर वाक्यरचना बदलते, काळ बदलतो, 'ऐकले' आणि 'पाहिले' यांतील भेद पुसट होतो. पुढे पत्रकार, अहवालकार आणि कादंबरीकार यांच्या हाती पडते ते हे अखेरचे रूप. बाबूराव सेडमाके यांच्याबाबत १८६९ मध्ये जे झाले तेच सव्वाशे-दीडशे वर्षांनंतरच्या साक्षीदारांबाबत होत राहिले. मूळ बोलणे नाहीसे होते आणि कागद राहतो.

भाषांतरमीमांसेत मूळ संहिता व लक्ष्य संहिता यांची चर्चा होते. येथे मूळ संहिता नसतेच, कारण ती कोणी लिहून ठेवलेली नसते. आणि या भाषांतरावर एखाद्याचे स्वातंत्र्य, एखाद्याच्या कुटुंबाची नुकसानभरपाई किंवा एखाद्याच्या नावावरील डाग अवलंबून असतो. असे भाषांतर करणारा मनुष्य बहुधा तालुक्याच्या ठिकाणचा असतो. तीन भाषा जाणणारा हा मध्यस्थ दोन्ही बाजूंना लागतो व दोन्ही बाजूंना त्याचा संशय येतो. या प्रदेशातील बहुभाषिकता ही विद्यापीठीय चर्चासत्रांत गौरविली जाते तशी केवळ समृद्धी नाही. ती एक जोखीमही आहे आणि तिची किंमत विशिष्ट माणसे मोजतात.

स्थळाचे ज्ञान त्या स्थळापासून दूर नेले जाण्याची ही प्रक्रिया संघर्षापुरतीही मर्यादित नाही. सिरोंचा तालुक्यातील पोचमपल्लीजवळ १९६० च्या सुमारास प्राचीन काळातील एका प्रचंड डायनोसॉरची हाडे सापडली. तो सांगाडा कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत उभा करण्यात आला आणि रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीच्या स्मरणार्थ त्याला 'बारापासॉरस टागोरी' हे नाव मिळाले. 'बारा पा' म्हणजे बंगालीत मोठा पाय. पुढे त्याच पोचमपल्लीला तेलंगणाच्या मेडिगड्डा बंधाऱ्याचे महाराष्ट्राकडील टोक टेकले. २१ जून २०१९ रोजी त्याचे उद्घाटन झाले, सिरोंचा तालुक्यातील शेतकऱ्यांनी बुडीत जमिनीच्या मोबदल्यासाठी आंदोलने केली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये बंधाऱ्याचे काही खांब खचले. गोदावरीवर बांध घालण्याची १८६० च्या दशकातील कल्पना दीडशे वर्षांनी वेगळ्या कारणासाठी परत आली. दोन्ही वेळा निर्णय दूरच्या राजधानीत झाला आणि नदीकाठच्या गावाला तो कळविण्यात आला.

७. समारोप

एप्रिल २०२२ मध्ये प्राणहिता पुष्कर सोहळ्यासाठी सिरोंच्याच्या घाटावर मोठी गर्दी लोटली. दर बारा वर्षांनी येणाऱ्या या पर्वाला तेलुगू, मराठी व गोंडी बोलणारे लोक एकाच पाण्यात उतरतात. नदी ही तेथे सीमा नसते. नकाशावर सीमा म्हणून आखलेली रेषा लोकव्यवहारात मार्ग असते, हे अशा प्रसंगी स्पष्ट होते.

वाङ्मयेतिहासाने यावरून काही पद्धतिविषयक बोध घ्यावयास हवा. पहिला असा की भाषेऐवजी ठिकाण हे अभ्यासाचे एकक धरून पाहावे. विशेषतः ज्या ठिकाणी राज्यसंस्थेचे दप्तर आणि लोकांचे बोलणे समोरासमोर येते अशी तालुक्याची गावे निवडावीत. दुसरा असा की जमाबंदी अहवाल, जबाब, अर्ज, निविदा यांसारख्या वाङ्मयबाह्य लेखनाला वाङ्मयाच्या पूर्वरूपाचे स्थान द्यावे, कारण संघर्षग्रस्त प्रदेशाविषयीचे साहित्य अखेर त्यांवरच उभे राहते. तिसरा, आणि सर्वांत निकडीचा, असा की ज्यांच्या मुखातून गोष्ट प्रथम निघाली त्यांच्या भाषेत ती जतन करण्याची व्यवस्था करावी. १९८० ते २०२५ या काळातील अनुभव सांगू शकणारी पिढी आता वृद्ध होत आहे. गोंडी व माडियातील तिचे कथन त्याच भाषांत, ध्वनिमुद्रणासह, भाषांतरापूर्वी नोंदविले गेले नाही, तर पुढील अभ्यासकाच्या हाती पुन्हा केवळ कचेरीचा कागदच येईल. मराठी अध्यासनांनी हे काम तेलुगू विभागांच्या सहकार्याने हाती घेणे हे मराठीच्या हिताविरुद्ध नाही. जिच्या दप्तरात ही माणसे गेली दीडशे वर्षे नोंदली गेली, त्या भाषेवर त्यांचे मूळ बोलणे ऐकून घेण्याचेही दायित्व येते.